लिव्हरमोरची निळी मस्टँग

जाहिरात छोटी होती, कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावातली. १९६६ ची फोर्ड मस्टँग, टप उघडणारी, निळी, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन, एकाच कुटुंबात राहिलेली, रंग बहुतांशी मूळचा. फोटो चारच, तेही संध्याकाळच्या उजेडात काढलेले. एका फोटोत डॅशबोर्डवर उन्हाने पडलेली भेग स्पष्ट दिसत होती. विकणाऱ्याने ती लपवली नव्हती, म्हणूनच मी फोन केला.

जुनी अमेरिकन गाडी घ्यायची हे बऱ्याच वर्षांपासून मनात होतं, आणि घेईन तर जपलेलीच घेईन हे त्याआधीच्या काही महिन्यांत पक्कं झालं होतं. बाजारात चकचकीत गाड्या भरपूर आहेत. मस्टँगचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा मिळतो, अगदी टपवाल्या गाडीची अख्खी बॉडीसुद्धा. त्यामुळे गंजून गेलेली गाडीही पैसे ओतून उभी करता येते. अशीच एक लालभडक मस्टँग मी एका विक्रेत्याच्या शोरूममध्ये पाहिली होती. क्रोम आरशासारखं, सीट नव्या, खालून सगळीकडे ताजा काळा डांबरी लेप. मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक मागच्या चाकाच्या कमानीवर टेकवलं तर ते चिकटलंच नाही, सुटून हातात आलं. तिथे पत्रा नव्हता, पुट्टी होती. काळ्या लेपाखाली काय असेल याचा अंदाज तिथेच आला.

मनापासून केलेल्या पुनर्बांधणीबद्दल मला आदर आहे. कितीतरी लोक वर्षानुवर्षं खपून गाड्या वाचवतात. पण नवा रंग, नवा पत्रा, नव्या सीट आल्या की ती गाडी कशी बांधली होती, कशी वापरली गेली, हे सांगणारं तिच्यात फार थोडं उरतं. जपलेल्या गाडीत ते सगळं असतं आणि वाचता येतं. मला तेच हवं होतं.

माझे वडील कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात फिटर होते. पद्मिनीच्या बॉडी त्यांच्या हाताखालून गेल्या. डोंबिवलीहून व्हिडिओ कॉलवर मी त्यांना जाहिरात दाखवली तर त्यांनी रंगाकडे, सीटकडे बघितलंही नाही. म्हणाले, “दार बंद केल्यावरची फट दाखव. वर किती, खाली किती.” फोटोत तेवढं दिसत नव्हतं. “मग जाऊन बघ आणि मला तिथून फोन लाव.”

विकणाऱ्या गृहस्थांना फोनवर मी पहिल्यांदा किंमत विचारली नाही, गाडीवर कारखान्यात ठोकलेला नंबर विचारला. त्यांनी शांतपणे वाचून दाखवला: सहा, आर, शून्य आठ, सी, आणि पुढे सहा आकडे. यातलं प्रत्येक अक्षर काही सांगतं. पहिला सहा म्हणजे १९६६ चं मॉडेल. शून्य आठ म्हणजे कारखान्यातूनच उघड्या टपाची बॉडी. साध्या दोन दारी गाडीला तिथे ०७ असतं आणि उतरत्या पाठीच्या फास्टबॅकला ०९, म्हणून कोणी साध्या गाडीचं छप्पर कापून टपाची गाडी म्हणून विकायला काढली तर ती याच दोन आकड्यांत सापडते. सी म्हणजे २८९ घनइंचाचं, म्हणजे सुमारे ४.७ लिटरचं, दोन तोंडांच्या कार्ब्युरेटरचं व्ही-८. कंपनीच्या हिशोबाने २०० अश्वशक्ती.

आणि आर म्हणजे सॅन होजे कारखाना. मस्टँग तेव्हा तीन ठिकाणी बनायची: मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला, न्यू जर्सीत मेटचनला आणि इथे कॅलिफोर्नियात. नाव सॅन होजेचं असलं तरी कारखाना होता मिलपिटासमध्ये. तो १९५५ मध्ये सुरू झाला, १९८३ मध्ये बंद पडला, आणि १९९४ पासून त्याच इमारतीत ग्रेट मॉल आहे. मिलपिटास, फ्रीमाँट, सनीव्हेल भागात राहणारी बहुतेक मराठी माणसं त्या मॉलमध्ये कधी ना कधी गेलेली असतात. दिवाळीच्या आधी मुलांचे कपडे घ्यायला मी तिथेच जातो. जिथे आज बुटांची आणि कपड्यांची दुकानं आहेत तिथे या गाडीच्या पत्र्याला पत्रा जोडला गेला होता. लिव्हरमोर तिथून डोंगरापलीकडे तासाभराच्याही आत. म्हणजे ही गाडी जन्मली त्या जागेपासून कधी फार लांब राहिलीच नव्हती.

लिव्हरमोर हे गाव ऐकूनही बरं वाटलं. समुद्राची खारी हवा तिथे पोचत नाही, बर्फ पडत नाही, त्यामुळे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत. मिशिगन-ओहायोकडच्या जुन्या गाड्या त्या मिठानेच खालून कुरतडल्या जातात. लिव्हरमोरचं कडक ऊन डॅशबोर्ड तडकवतं, टपाच्या मागच्या खिडकीचं प्लास्टिक पिवळं करतं, पण पत्रा राखतं.

गाडी विकणारे गृहस्थ सत्तरीतले, निवृत्त सर्व्हेयर. गाडी त्यांच्या मोठ्या बहिणीने नवी घेतलेली, तिच्यानंतर त्यांच्याकडे आलेली. गॅरेजचं दार वर गेलं आणि मागची नंबरप्लेट दिसली: काळी, पिवळ्या अक्षरांची, तीन अक्षरं तीन आकडे. कॅलिफोर्नियाने या प्लेट १९६३ पासून दिल्या आणि १९६९ नंतर बंद केल्या. इथे प्लेट गाडीबरोबरच राहते, मालक बदलला तरी. अलीकडे जुन्या धाटणीच्या काळ्या प्लेट पुन्हा विकत मिळतात, त्या अगदी टेस्लांवरही दिसतात. पण त्या नव्या, चमकणाऱ्या असतात आणि त्यांच्यावरचे आकडे-अक्षरं वेगळ्या क्रमाने येतात. ही पत्र्यावर ठोकलेली, कोपऱ्याला किंचित दुमडलेली, खरी होती.

मी आधी बॉनेट उघडून डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावरचा ठोकलेला नंबर पाहिला. मडगार्डच्या कडेला त्यासाठी एक खाच ठेवलेली असते. दारावरची रिव्हेट मारलेली पट्टी आजकाल कोणीही हवी तशी छापून घेऊ शकतो, म्हणून भरवसा या ठोक्यावरच ठेवायचा. दोन्ही जुळले. पट्टीवर पुढे बॉडी ७६ए म्हणजे टप उघडणारी, रंग एफ म्हणजे आर्केडियन ब्लू, तारीख २२डी म्हणजे २२ एप्रिल, विक्रीचा विभाग ७२ म्हणजे सॅन होजे.

ही खटपट आवश्यक का, तर फोर्डच्या उत्पादनाच्या नोंदी १९६७ पासूनच्या गाड्यांच्याच उपलब्ध आहेत. त्या वर्षापासूनची गाडी असेल तर ती कुठल्या रंगात, कुठल्या सामानासह बाहेर पडली याचा छापील अहवाल मागवता येतो. १९६६ च्या गाडीला ती सोय नाही. शिवाय फोर्डने त्या काळात इंजिनावर गाडीचा नंबर ठोकला नव्हता, अपवाद फक्त सर्वांत ताकदवान के-कोड इंजिनाचा. मग हे इंजिन याच गाडीचं हे ठरवायचं कसं? ओतीव लोखंडावरच्या तारखा वाचून. ब्लॉकवर, सिलिंडर हेडवर, इनटेकवर वर्षाचा आकडा, महिन्याचं अक्षर आणि दिवस ओतलेले असतात. मी टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन एकेक शोधत गेलो. ब्लॉक मार्चच्या सुरुवातीचा, हेड मार्चच्या मध्याचे. दारांच्या काचांवर फोर्डच्या कार्लाइट काचेचा शिक्का आणि त्याखालचा संकेतही त्याच सुमाराचा. सगळे भाग २२ एप्रिलच्या आधी काही आठवड्यांत ओतलेले किंवा बनलेले, एकही त्यानंतरचा नाही. असंच असायला हवं होतं. गृहस्थ शेजारी स्टुलावर बसून बघत होते. त्यांनी आयुष्यभर जमिनी मोजल्या होत्या. मी काय करतोय हे त्यांना सांगावं लागलं नाही.

मग बाबांना फोन लावला. दाराची फट दाखवली. वरून खालपर्यंत सारखी, दोन्ही बाजूंना. “आता दार सोड, हलकेच,” ते म्हणाले. दार स्वतःच्या वजनाने जाऊन बसलं, उचलावं लागलं नाही.

उघड्या टपाच्या गाडीत ही फट सगळ्यात महत्त्वाची का असते ते सांगतो. मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका झाकणासकट पिळून बघा आणि मग झाकण काढून पिळा. मस्टँगला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. छप्पर काढलं की ताकद जाते, म्हणून फोर्डने या गाड्यांच्या दाराखालच्या पट्ट्या आतून जाड पत्र्याच्या केल्या, पुढच्या चाकांमागे दोन्हीकडे पेट्यांसारखे जोड दिले आणि पुढच्या सीटखाली जास्तीचा पत्रा बसवला. हे भाग आतून गंजले की गाडी मधोमध खचते. दाराची फट वरून मिटते, दार घासायला लागतं. वरून कितीही सुंदर रंग दिला तरी ते लपत नाही. दुरुस्त करायचं तर बॉडी आधी आधार देऊन सरळ करायची, मगच कापायची. खर्च इतका की दुसरी गाडी घ्यावी.

दुसरी खात्री पाण्याची. पुढच्या काचेखाली जी जाळी असते तिच्यातून पावसाचं पाणी आत एका बंद पोकळीत पडतं आणि कडेने चाकामागे बाहेर जातं. त्या पोकळीत झाडाची पानं साचतात, ओल धरते आणि हवेच्या झडपांभोवतीचा पत्रा सडतो. वरून काहीच दिसत नाही, थेट पायाखालचा गालिचा भिजायला लागतो. आणि ते दुरुस्त करायला काचेसमोरचा अख्खा वरचा पत्रा वेल्डिंग फोडून काढावा लागतो. मी गृहस्थांची परवानगी घेऊन एक मोठा जग भरून पाणी हळूहळू डाव्या बाजूने ओतलं, मग उजव्या बाजूने, आणि डॅशबोर्डखाली डोकं घालून टॉर्च मारली. डावी कोरडी. उजवीकडे हीटरच्या वर एक बारीक ओली रेघ उमटली. झडपेच्या रबराचीही असू शकत होती, पत्र्याचीही. मी ती त्यांना दाखवली. ते खाली वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, लिफ्टवर घालून नीट बघून घ्या, घाई नाही.

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मी नेलं होतं. कारखान्याचा भाजलेला रंग साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास असतो, पुन्हा मारलेला असेल तर दुप्पट-तिप्पट, आणि खाली पुट्टी असेल तर आकडा हजारांत जातो. बॉनेट, दारं, डिकी, मागच्या दोन्ही बाजू शंभराच्या आगेमागे. डावं पुढचं मडगार्ड तीनशेच्या वर. “ते १९७४ मध्ये फाटकाला घासलं होतं,” गृहस्थ म्हणाले आणि आत जाऊन त्या दुरुस्तीचं बिल घेऊन आले. बहिणीने प्रत्येक बिल ठेवलं होतं. मीटर पाच आकडी आहे, त्यामुळे ६१ हजार मैल दिसतात ते १ लाख ६१ हजारही असू शकले असते. बिलांवर मैलांची नोंद वर्षागणिक चढत गेलेली होती, कुठेही उडी नव्हती. ब्रेकच्या पेडलवरचं रबर एका कडेला झिजलेलं, तेही तेवढ्याच मैलांइतकं.

बॉनेटवर उन्हाने रंग इतका विरळ झाला होता की कडेला प्रायमर डोकावत होता. मला तो फार आवडला. फोर्डलाही स्वतःच्या पहिल्या गाडीची किंमत उशिरा कळली होती हे त्या वेळी आठवलं. पहिल्या क्रमांकाची मस्टँग टप उघडणारीच होती, पांढरी. ती खरं तर दाखवण्यासाठी होती, पण न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला पोचली आणि स्टॅन्ली टकर नावाच्या वैमानिकाने एप्रिल १९६४ मध्ये विकत घेतली. फोर्डने ती परत मागितली तर ते सहज देईनात. दोन वर्षं त्यांनी ती मजेत चालवली आणि १९६६ मध्ये दहा लाख एकावी मस्टँग घेऊनच सोडली. आज ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. त्या दोन वर्षांत ती सरळ वापरली गेली, तिला कोणी ‘सुधारलं’ नाही, म्हणून ती अजून पहिल्या क्रमांकाची मस्टँग आहे.

लिफ्टवर गाडी चढवली ती जुन्या फोर्डवर काम करणाऱ्या एका मेकॅनिककडे. त्याची फी मी दिली, मेकॅनिक मी निवडला. विकणाऱ्याच्या ओळखीचा माणूस कितीही चांगला असला तरी या कामाला घेऊ नये. खालून गाडी बघणं हा माझ्यासाठी सगळ्यात आनंदाचा भाग होता. काळा लेप नाही. जुना प्रायमर, त्यावर कडेने उडालेला निळा रंग, जोडांवर स्पॉट वेल्डचे एकसारख्या अंतरावरचे गोल खळगे. पत्रा कधी बदलला असता तर ते खळगे असे राहिले नसते. मेकॅनिकने जाड पट्ट्यांवर टोच्याच्या दांड्याने ठोकत नेलं, सगळीकडे टणक आवाज. पुढच्या स्प्रिंगांचे मनोरे, जिथे या गाड्यांना तडे जातात, तेही शाबूत. पाण्याची रेघ रबराची निघाली. त्याने छोटा कॅमेरा आत सरकवून पत्रा दाखवला, झडपेभोवतीचा रंग अजून होता.

वाईट बातमी ब्रेकची. १९६६ मध्ये ब्रेक ऑइलची टाकी एकच, पुढच्या-मागच्या चाकांना मिळून. कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर पाझरत होता. टायर बघायला चांगले, पण कडेचा चार आकडी शिक्का सांगत होता की ते चौदा वर्षांचे आहेत.

त्यामुळे गाडी चालवून पाहिली ती ब्रेक दुरुस्त झाल्यावर. तो खर्च गृहस्थांनी केला. गिअरच्या दांड्याजवळ ड्राइव्हच्या दोन खुणा आहेत: हिरव्या ठिपक्यावर ठेवलं तर गाडी पहिल्यापासून तिन्ही गिअर घेते, दुसऱ्या ठिपक्यावर सरळ दुसऱ्यातून सुटते, निसरड्या रस्त्यासाठी. प्रखर दिव्याचं बटण डाव्या पायाखाली. हँडब्रेक डॅशबोर्डखालून ओढायचा. पट्टा फक्त कमरेचा. काचेच्या वरच्या दोन कड्या सोडल्या, बटण दाबलं, मागच्या सीटमागचा पंप घुमला आणि टप दुमडून मागे गेला. तेस्ला रोडने द्राक्षमळ्यांमधून गेलो. स्टीअरिंगला मध्यावर चांगलीच मोकळीक आहे, वळणावर गाडी कलते, ड्रम ब्रेकला अंदाज आधीच बांधावा लागतो. पण चाळीस-पन्नासच्या वेगात ते इंजिन इतक्या कमी श्रमात, इतक्या गोड घरघरीत चालतं की पाय आपोआप हलका होतो.

मागितलेली किंमत ३६ हजार डॉलर होती. मी टायर, टपाच्या मागचं पिवळं पडलेलं प्लास्टिक आणि कार्ब्युरेटरची गळती असं तीनच गोष्टींवर बोललो, विरळ रंगाबद्दल अवाक्षर काढलं नाही, कारण त्यासाठी तर मी आलो होतो. ३३ हजारांवर ठरलं. पैसे त्यांच्याच बँकेच्या शाखेत, खिडकीसमोर. त्यांनी पिंक स्लिपवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, सही केली. गाडीवर कर्ज नव्हतं, नोंदणीचं शुल्क थकलेलं नव्हतं. ते थकलं असेल तर गाडीबरोबर नव्या मालकाच्या गळ्यात येतं, म्हणून ते मी आधीच तपासलं होतं. विकणाऱ्याने पाच दिवसांत डीएमव्हीला, म्हणजे वाहन नोंदणी खात्याला, कळवायचं, घेणाऱ्याने दहा दिवसांत नाव बदलून घ्यायचं आणि कर भरायचा. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना इथे धुराच्या चाचणीतून सूट आहे, त्यामुळे खिडकीवर काम लवकर झालं. काळी प्लेट गाडीवरच राहिली. विमा मी आधी ठरवलेल्या किमतीचा घेतला. नेहमीच्या विम्यात जुनी गाडी म्हणजे घसरलेली किंमत, आणि अपघातानंतर त्यावर वाद घालत बसावं लागतं.

काय बदलायचं यावर बाबांशी बरीच चर्चा झाली. माझा कल काहीच न बदलण्याकडे होता. ते म्हणाले, “रंगाला हात लावू नकोस, पण ब्रेकला लाव. त्यात मुलं बसणार आहेत.” मला ते पटलं. ब्रेकची दुहेरी टाकी बसवली, फोर्डने १९६७ पासून स्वतःच दिली तशी. जुनी टाकी आणि नळ्या नावं लिहून खोक्यात ठेवल्या, कधीही परत लावता येतील. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं, म्हणून पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या नव्या. या गाडीत डिकीचा तळ म्हणजे पेट्रोलच्या टाकीचाच वरचा पत्रा, आणि टाकी व मागची सीट यांच्यामध्ये पुठ्ठ्याशिवाय काही नाही. तिथे स्टीलचा पत्रा बसवला, भोक न पाडता. टायर नवे. झडपेचं रबर नवं. डॅशबोर्डची भेग, विरळ बॉनेट, ७४ सालचं मडगार्ड तसंच.

टपाच्या मागच्या प्लास्टिकचं अजून ठरलेलं नाही. ते पॉलिश करून थोडं स्वच्छ होतं, पण रात्री मागचे दिवे धूसर दिसतात. टप मूळचा नाहीच, १९८० च्या दशकात बहिणीने बदलून घेतला होता, त्याचंही बिल आहे. त्यामुळे फक्त तेवढी खिडकी नवीन घालायला माझी हरकत नाही. नोव्हेंबरात पाऊस सुरू होतो, त्याच्या आत टपवाल्याकडे नेणार आहे. जुनं प्लास्टिक त्याच्याकडून मागून घेईन आणि खोक्यात टाकीशेजारी ठेवीन.